विश्लेषण : अपडेटने संगणक बिघडला, आता कालची आवृत्ती कुठून आणायची?

मोबाइलमधले एखादे अ‍ॅप रात्रीतून अपडेट होते आणि सकाळी नेमके रोजच्या वापरातले बटण सापडत नाही. आपण दोन दिवस चरफडतो आणि नव्याची सवय करून घेतो, कारण प्ले स्टोअरवर ‘मला मागचीच आवृत्ती द्या’ असे सांगण्याची सोय नाही. घरच्या फोनपुरते हे चालून जाते. हाच प्रकार न्यायालय, महाविद्यालय किंवा एखाद्या कार्यालयाच्या संगणकावर झाला, तर सवय करून घ्यायला वेळ नसतो. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांना मागे फिरता येते, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण मागची आवृत्ती कुणीतरी जपून ठेवली असेल तरच. ती कोण जपते, किती काळ जपते आणि अनेक ठिकाणी ती मुद्दाम का काढून टाकली जाते?

यवतमाळचा लिनक्सशी संबंध काय?

लिनक्स हा पुण्या-बेंगळूरुच्या कंपन्यांचा विषय वाटतो. प्रत्यक्षात यवतमाळ जिल्ह्यात ज्यांचा खटला सुरू आहे, त्या प्रत्येकाची तारीख लिनक्सवर अवलंबून आहे. देशातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग निवडला आणि उबुंटू ही लिनक्स प्रणाली स्वीकारली. खटल्याची नोंद, पुढील तारीख, आदेश हे सारे ज्या ‘केस इन्फर्मेशन सिस्टीम’मध्ये भरले जाते, ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) पुण्यातील पथकाने तयार केली आहे. देशभरासाठी एकच गाभा आणि त्याभोवती प्रत्येक उच्च न्यायालयाच्या गरजेनुसार जोडलेला भाग, अशी तिची रचना आहे. वणीचा किंवा पुसदचा पक्षकार मोबाइलवर १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख पाहतो, तेव्हा ती माहिती याच व्यवस्थेतून येते. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये चार वर्षांकरिता ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. यावरून व्याप्ती लक्षात यावी.

न्यायालयांकडे निदान तांत्रिक माणसांची फळी तरी असते. खरी अडचण त्याहून लहान ठिकाणी येते. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके. वणी किंवा उमरखेड गाठायचे तर जिल्ह्याच्या ठिकाणाहून साधारण शंभर किलोमीटर किंवा त्याहून जास्त अंतर कापावे लागते. अशा ठिकाणी एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील तीस संगणक सोमवारी सकाळी नीट सुरू झाले नाहीत, तर दुरुस्ती करणारा माणूस येईपर्यंत प्रात्यक्षिकाचा आठवडा संपतो. अपडेट मागे घेता येणे ही तिथे चैन राहत नाही.

पॅकेज आणि रिपॉझिटरी म्हणजे काय?

लिनक्समध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून येते. ब्राउझर एक पॅकेज, प्रिंटर चालवणारा कार्यक्रम दुसरे, मराठी फॉन्ट तिसरे. उबुंटू, डेबियन, फेडोरा असे जे वेगवेगळे लिनक्स आहेत, त्यांना ‘डिस्ट्रो’ म्हणतात. प्रत्येक डिस्ट्रो आपली हजारो पॅकेजे एका कोठारात ठेवते. तेच तिचे ‘रिपॉझिटरी’. या कोठाराच्या हुबेहूब प्रती जगभरातील विद्यापीठे आणि इंटरनेट कंपन्या आपापल्या सर्व्हरवर ठेवतात. त्यांना मिरर म्हणतात. भारतात आयआयटी कानपूरचा मिरर अनेक वर्षे चालू आहे. आपला संगणक अपडेट मागतो, तेव्हा तो अशाच एखाद्या मिररकडून पॅकेज उतरवून घेतो.

इथे एक पेच आहे. मिररवर बहुतेक वेळा फक्त चालू माल असतो. अर्च लिनक्सच्या मिररवर प्रत्येक पॅकेजची एकच, सर्वांत ताजी आवृत्ती मिळते. उबुंटूची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती मोबाइलवरून सहज समजते. फोनसोबत आलेल्या यूट्यूबसारख्या अ‍ॅपवर ‘अपडेट्स अनइन्स्टॉल करा’ असा पर्याय असतो. तो दाबला की फोन कारखान्यातून निघाला त्या दिवशीची आवृत्ती परत येते. मधल्या दहा-वीस आवृत्त्या मात्र मिळत नाहीत. उबुंटूच्या मुख्य कोठारातही साधारण असेच आहे. त्या उबुंटूच्या प्रकाशनाच्या दिवशीची मूळ आवृत्ती असते आणि आजची ताजी असते. गेल्या महिन्यापर्यंत उत्तम चाललेली मधली आवृत्ती नवी आली की कोठारातून उचलली जाते. फेडोराचे मुख्य कोठारही याच पद्धतीने चालते. याउलट रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्सच्या कोठारात मागच्या आवृत्त्या राहू दिल्या जातात. त्याचा उपयोग काय, हे २०२० मध्ये दिसले.

मागे फिरावे लागते, असे खरेच घडते का?

जुलै २०२० मधील घटना घ्या. संगणक सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा जो कार्यक्रम, त्या ‘ग्रब’मध्ये सुरक्षेची मोठी फट सापडली. तिला ‘बूटहोल’ असे नाव पडले. २९ जुलैला ती जाहीर झाली आणि सर्व डिस्ट्रोंनी तातडीने दुरुस्ती पाठवली. रेड हॅट आणि सेंटओएसच्या अनेक संगणकांवर ही दुरुस्ती बसली आणि ते संगणक सुरूच होईनात. कडीची दुरुस्ती केली आणि दारच उघडेना, असा प्रकार. त्यावर सांगितलेला तात्पुरता उपाय अगदी साधा होता. बाहेरच्या डिस्कवरून संगणक सुरू करा आणि ग्रबची आधीची आवृत्ती परत बसवा. ती कोठारात होती म्हणून हा उपाय एका ओळीच्या आज्ञेत मावला. काही दिवसांत सुधारलेले अपडेट आले.

दुसरी घटना याहून गंभीर. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे खटकले. खोदत गेल्यावर ‘एक्सझेड’ या फाइल आवळणाऱ्या छोट्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा पेरल्याचे उघड झाले. ‘जिया तान’ या नावाच्या खात्याने दोन वर्षांहून अधिक काळ इमानदारीने काम करून विश्वास कमावला होता आणि मग हा घात केला. त्या नावामागे कोण होते, हे आजवर उघड झालेले नाही. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी ही गोष्ट जाहीर केली तेव्हा दोन्ही आवृत्त्या डेबियन, फेडोरा, ओपनसूझे यांच्या चाचणीच्या शाखांत शिरल्या होत्या. सामान्य वापराच्या स्थिर शाखा वाचल्या.

इथे नवी आवृत्ती हेच विष होते आणि जुनी आवृत्ती हाच उतारा. पण लिनक्सची अपडेट यंत्रणा आवृत्तीचा आकडा वाढला तरच पुढे सरकते. ५.६.१ वरून ५.४.५ वर जा, असे लाखो संगणकांना सांगायचे कसे? डेबियनने त्यावर काढलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. त्यांनी जुनेच पॅकेज नव्या पाटीने पाठवले आणि पाटीवर लिहिले : ‘५.६.१+रिअली५.४.५’. म्हणजे आकडा वर चढलेला दिसतो, आत मात्र ‘खरे तर ५.४.५’. डोळ्यांत धूळ फेकणारी ही पाटी यंत्रासाठी होती. माणसाला ती वाचताक्षणी कळत होती. उबुंटूने तर २४.०४ ची बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि त्या काळात तयार झालेली पॅकेजे पुन्हा बांधून काढली.

दरम्यान गिटहबने एक्सझेडचे पानच काही काळ बंद केले होते. विष नेमके कोणत्या दिवशी, कोणत्या फाइलमधून शिरले याचा माग काढणाऱ्यांना इतरत्र जपलेल्या प्रतींचाच आधार होता. दूषित आवृत्तीही कुठेतरी बंद कपाटात ठेवावी लागते, ती यासाठी. गुन्ह्यातील हत्यार मुद्देमाल म्हणून जपतात, तसेच हे.

मग सगळ्याच आवृत्त्या कोठारात का ठेवत नाहीत?

पहिले कारण जागेचे. डेबियनसारख्या डिस्ट्रोचे आजचे कोठारच काही टेराबाइटचे असते आणि मिरर चालवणाऱ्या संस्था ते फुकट ठेवतात. त्यात प्रत्येक पॅकेजच्या वीस जुन्या आवृत्त्या घातल्या, तर निम्मे मिरर हात वर करतील.

पण जागा विकत घेता येते. अवघड कारण सुरक्षेचे आहे. जुनी आवृत्ती म्हणजे बहुतेक वेळा ज्ञात फट असलेली आवृत्ती. ती चालू मालाच्या रांगेत ठेवली की कुणीतरी ती उचलतोच. जावा भाषेतील सॉफ्टवेअरचे ‘मेव्हन सेंट्रल’ हे कोठार एकदा आलेली आवृत्ती काढत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या घटकातील भयंकर फट जगभर गाजली, सरकारांनी इशारे काढले, दुरुस्त आवृत्ती आली. तरीही पुढची अनेक वर्षे सदोष आवृत्त्या त्याच कोठारातून मोठ्या प्रमाणावर उतरवल्या जात राहिल्या. उतरवणारे बहुतेक वेळा माणूस नव्हतेच. कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेल्या यादीनुसार यंत्रेच ती मागत होती.

आणखी एक बारीक धोका आहे. जुन्या कोठारावरची सही खरी असते. समजा, मधल्या वाटेवर बसलेल्या चोराने तुमच्या संगणकाला सहा महिन्यांपूर्वीची, पण खरी सही असलेली यादी दाखवली. संगणक समजेल, नवीन काहीच आलेले नाही. फटी तशाच उघड्या राहतील. म्हणून डेबियन आपल्या सुरक्षा अपडेटच्या यादीवर काही दिवसांची मुदत छापते. दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखी. मुदत टळलेली यादी संगणक नाकारतो.

सातबाऱ्यावरचा कंस

म्हणजे काढून टाकले तर परतीची वाट बंद, ठेवले तर धोका. यातून वाट कशी निघते, ते आपल्याकडच्या सातबाऱ्यावरून समजावून घेता येईल. जमीन विकली किंवा वारसाची नोंद झाली की फेरफार होतो. जुन्या मालकाचे नाव खोडून नष्ट करत नाहीत, त्याला कंस करतात. नाव वाचता येते, पण त्याच्या आधारे आज व्यवहार करता येत नाही. वाद उद्भवला, तर तोच कंसातला माणूस आणि त्याच्यापुढचा फेरफार क्रमांक कामी येतो.

सॉफ्टवेअरच्या जगातही हळूहळू हीच रीत रुजते आहे. पायथन भाषेच्या ‘पायपीआय’ या कोठारात २०१९ च्या एका प्रस्तावातून ‘यँक’ ही सोय आली. बिघडलेली आवृत्ती कोठारात राहते, पण ‘ताजे द्या’ म्हणणाऱ्याला ती मिळत नाही. आकडा नेमका लिहून मागणाऱ्यालाच मिळते. मोबाइलवरील मुक्त अ‍ॅपचे दुकान ‘एफ-ड्रॉइड’ प्रत्येक अ‍ॅपच्या अलीकडच्या काही आवृत्त्या समोर ठेवते आणि त्याआधीच्या वेगळ्या ‘अर्काइव्ह’मध्ये हलवते. तो विभाग वापरकर्त्याने मुद्दाम चालू करावा लागतो.

लिनक्समध्ये हे काम वेगळी संग्रहालये करतात. डेबियनचे ‘स्नॅपशॉट’ २०१० पासून अधिकृतपणे सुरू असून त्यात २००५ पासूनचा साठा आहे. त्याचा वापर तुम्ही वाचत असलेल्या ई-पेपरसारखाच आहे. ई-पेपर उघडला की आजचा अंक येतो, तारीख बदलली की त्या दिवशीचा. स्नॅपशॉटमध्येही तारीख आणि वेळ सांगायची, म्हणजे त्या क्षणी संपूर्ण कोठार जसे होते तसे समोर येते. एकट्यादुकट्या पॅकेजपेक्षा हे बरे, कारण पॅकेजे एकमेकांवर अवलंबून असतात. त्या दिवशीची सगळी पॅकेजे एकमेकांशी जुळलेली मिळतात. उबुंटूच्या अशाच सेवेत १ मार्च २०२३ नंतरच्या कोणत्याही तारखेचे कोठार मागता येते आणि उबुंटू २४.०४ मधील अपडेट यंत्रणेला ही तारखेची भाषा मुळातच समजते. अर्च लिनक्सचेही असेच संग्रहालय आहे. फेडोराची जुनी पॅकेजे तिच्या ‘कोजी’ या बांधणी केंद्रात सापडतात.

माझ्या मते हीच रचना योग्य आहे. जुने दुकानाच्या फळीवर नको आणि भंगारातही नको. मागणाऱ्याला मिळावे, न मागणाऱ्याच्या गळ्यात पडू नये. मात्र यातली एक गोम सांगितली पाहिजे. मिरर जगभर विखुरलेले असतात, ही संग्रहालये मोजकी आणि परदेशात आहेत. आजचे पॅकेज यवतमाळला भारतातल्या मिररवरून मिळू शकते. मागच्या महिन्याचे समुद्रापलीकडून आणावे लागते आणि ते संथ येते.

बिघाड झाला नाही, तरी जुनी आवृत्ती लागते का?

लागते आणि हा भाग फारसा बोलला जात नाही. कृषी विद्यापीठांतील संशोधक कपाशीच्या वाणांच्या चाचण्यांची आकडेमोड करण्यासाठी ‘आर’ ही मुक्त संगणकभाषा वापरतात. एप्रिल २०१९ मध्ये आर ३.६.० आले आणि यादृच्छिक नमुना निवडण्याची त्यातली मूळ पद्धत बदलली, कारण आधीच्या पद्धतीत किंचित पक्षपात होता. बदल योग्यच होता. पण त्यामुळे तीच फाइल, तीच आज्ञा, सुरुवातीचा तोच आकडा देऊनही ३.५ आणि ३.६ मध्ये वेगळा नमुना निघतो. २०१८ चा प्रबंध तपासणाऱ्याला आकडे जुळले नाहीत, तर चूक संशोधकाची की आवृत्तीची, हे जुनी आवृत्ती चालवूनच ठरवता येते. (नव्या आवृत्तीतही जुनी पद्धत मागून घेण्याची सोय ठेवली आहे. अशी काळजी सगळेच घेत नाहीत.)

शिकणाऱ्यांचेही तसेच. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधून मराठीत लिनक्स आणि प्रोग्रामिंग शिकता येते. असे धडे एका ठरावीक आवृत्तीवर ध्वनिमुद्रित केलेले असतात. पायथन २ चा अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला आणि उबुंटू २४.०४ च्या कोठारात तो उरलेलाच नाही. जुन्या पुस्तकातला कार्यक्रम जसाच्या तसा टंकून ‘सर, चालत नाही’ म्हणणारा विद्यार्थी बहुतेक वेळा बरोबर असतो. त्याच्या समोरची आवृत्ती वेगळी असते, इतकेच.

मराठीपुरती आणखी एक बाब. फॉन्टही पॅकेजच असतात. रेड हॅटच्या पुढाकाराने मुक्त झालेला ‘लोहित’ हा लिनक्सवरचा परिचित देवनागरी फॉन्ट. फॉन्टच्या नव्या आवृत्तीत अक्षरांची रुंदी किंचित जरी बदलली, तरी ओळ वेगळ्या ठिकाणी तुटते आणि चाळीस पानी दस्तऐवज एकेचाळीस पानांचा होतो. ‘पान १७ वरील परिच्छेद’ असा हवाला दिलेला असेल, तर तो चुकतो. म्हणून पक्का दस्तऐवज पीडीएफमध्ये, फॉन्ट आत बसवूनच ठेवावा.

जपणाऱ्याने हात आखडता घेतला तर?

आर भाषेच्या कोठाराची रोजची प्रत मायक्रोसॉफ्ट सप्टेंबर २०१४ पासून ठेवत असे. ‘अमुक तारखेची पॅकेजे’ असे लिहून अनेकांनी आपले काम त्यावर बेतले होते. १ जुलै २०२३ रोजी ती सेवा बंद झाली. आधी सूचना दिली होती, पर्यायही उभे राहिले, पण जुन्या फाइलींतले पत्ते मेले ते मेलेच.

सेंटओएस ७ या एकेकाळी सर्व्हरवर सर्रास दिसणाऱ्या प्रणालीची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यानंतर मिररचा पत्ता सांगणारी यंत्रणाच बंद झाली आणि साधे पॅकेज बसवायला गेले तरी ‘पत्ता सापडत नाही’ अशी चूक येऊ लागली. पॅकेजे गेली नव्हती. ती ‘व्हॉल्ट’ नावाच्या जुन्या साठ्यात हलवली होती. हे ज्याला ठाऊक, त्याने पत्ता बदलून काम भागवले. डेबियन आणि उबुंटूच्या मुदत संपलेल्या प्रणालींचेही असे वेगळे जुने कोठार आहे. तिथे माल मिळतो, दुरुस्ती मिळत नाही. डेबियनच्या बाबतीत तर जुन्या सहीच्या चावीचीच मुदत संपलेली असू शकते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुदतीत असलेल्या प्रणालीतली ‘जुनी’ आवृत्ती सदोष असतेच असे नाही. उबुंटूच्या दीर्घ पाठिंब्याच्या प्रणालींना पाच वर्षे मोफत सुरक्षा दुरुस्ती मिळते, त्यापुढची वेगळ्या योजनेत. या काळात आवृत्तीचा मुख्य आकडा न बदलता फक्त भोक बुजवले जाते. नव्या कापडाचा तुकडा जुन्या सदऱ्याला आतून लावतात, तसे. त्यामुळे निव्वळ आकडा पाहून ‘हे जुनाट आहे’ असा शेरा मारणारे तपासणी अहवाल बरेचदा चुकतात.

मागे फिरणे नेहमी शक्य असते का?

नाही. पॅकेज मागे जाते, माहिती जात नाही. नवी आवृत्ती पहिल्यांदा चालते तेव्हा ती आपल्या फाइलींची घडी बदलून घेते. मायएसक्यूएल ८.० वर नेलेली माहिती ५.७ मध्ये थेट परत नेता येत नाही. फायरफॉक्सने २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून जुन्या ब्राउझरला नव्या प्रोफाइलला हात लावण्यास मनाई केली, कारण त्यात बुकमार्क आणि पासवर्ड बिघडत. अँड्रॉइडवर तर वरच्या आकड्याच्या अ‍ॅपवर खालच्या आकड्याचे अ‍ॅप बसतच नाही. आधी अ‍ॅप काढावे लागते आणि त्यासोबत त्यातली माहितीही जाते. डेबियनची अधिकृत भूमिकाही हीच आहे. मागे जाणे जमले तर जमले, त्याची हमी नाही. म्हणून बॅकअप अपडेटच्या आधीचा हवा. नंतर घेतलेला बॅकअप बिघडलेल्या घडीचाच असतो.

अपवाद कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा. नवा कर्नल जुन्याच्या जागी बसत नाही, शेजारी बसतो. फेडोरा मूळ व्यवस्थेत असे तीन कर्नल ठेवते, उबुंटूही चालू असलेला लगेच काढत नाही. अपडेटनंतर संगणक सुरू झाला नाही, तर सुरुवातीच्या यादीतून आधीचा कर्नल निवडायचा. त्याला इंटरनेट लागत नाही, कोठार लागत नाही आणि यवतमाळहून माणूसही लागत नाही. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या नावाखाली ती यादी असते, एवढे फोनवरून सांगितले तरी काम होते.

तालुक्याच्या ठिकाणी काय करता येईल?

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आपले छोटे कोठार. समजा, दारव्ह्याच्या एका प्रयोगशाळेत तीस संगणक आहेत आणि महिन्याचे अपडेट ५०० एमबीचे आहे. प्रत्येकाने वेगळे उतरवले, तर १५ जीबी जातात. ‘एपीटी-कॅशर-एनजी’ हा मोफत कार्यक्रम एका जुन्या संगणकावर बसवला, तर तेच ५०० एमबी एकदाच येतात आणि उरलेले एकोणतीस संगणक ते आतल्या जाळ्यातून घेतात. उतरवलेली जुनी पॅकेजे लगेच न पुसण्याची सेटिंग ठेवली, की गेल्या महिन्याची आवृत्ती शेजारच्या टेबलावरच असते. ज्यांना आणखी शिस्त हवी, त्यांच्यासाठी ‘ॲप्टली’ आहे. त्यात कोठाराची तारीखवार छबी आपली आपण काढून ठेवता येते. एकट्या संगणकावर हे नको असेल, तर निदान एक बाब तपासा. उबुंटूतील ‘एपीटी’ ही आज्ञा पॅकेज बसवून झाले की उतरवलेली फाइल पुसून टाकते. ती राखून ठेवण्याची सोय एका ओळीच्या बदलाने होते.

दुसरे, सगळ्या संगणकांवर एकाच रात्री अपडेट सोडू नये. घरचे सोयाबीन बियाणे पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतात. तसा एक संगणक आधी. त्यावर प्रिंटर, मराठी टंकलेखन आणि रोजचा कार्यक्रम दोन दिवस चालला, की बाकीचे. उबुंटू स्वतःही हेच करते. सुरक्षेखेरीजची अपडेट आधी थोड्या संगणकांना देते आणि तक्रारी वाढल्या की थांबवते. सुरक्षेची अपडेट मात्र सर्वांना एकदम जातात आणि मूळ व्यवस्थेत ती न विचारता बसतात.

तिसरे, ‘टाइमशिफ्ट’सारख्या साधनाने अपडेटआधी प्रणालीची प्रत घेता येते. लिनक्स मिंटमध्ये ते आधीपासूनच असते. ते प्रणाली परत आणते. तुमच्या फाइलींसाठी वेगळा बॅकअप हवाच.

एखादे पॅकेज आहे तिथेच रोखून धरण्याचीही सोय आहे. तिला ‘होल्ड’ म्हणतात. बिघाड झालेल्या दिवशी ती उपयोगी पडते. अडचण अशी की लावणारा ती काढायला विसरतो आणि दोन वर्षांनी त्या संगणकावर दोन वर्षांच्या फटी साचलेल्या असतात. होल्ड लावताना काढण्याची तारीख त्याच संगणकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहावी. यापेक्षा प्रगत उपाय माझ्या माहितीत नाही.

आणि अनोळखी संकेतस्थळावरून जुने पॅकेज उतरवू नये, कितीही घाई असली तरी. डेबियन आणि उबुंटूच्या पद्धतीत सही सुट्या पॅकेजवर नसते. ती संपूर्ण कोठाराच्या यादीवर असते. यादीतून निसटलेले सुटे पॅकेज म्हणजे शिक्का नसलेला कागद. ते खरे आहे की कुणी मध्ये काही घुसडले आहे, हे संगणक ओळखू शकत नाही. डेबियनच्या स्नॅपशॉटमधून किंवा उबुंटूच्या तारखेच्या सेवेतून घेतले, तर यादीही त्या दिवशीचीच मिळते आणि सही तपासता येते. डेबियनच्या बाबतीत मुदत टळलेल्या यादीचा इशारा त्या वेळेपुरता बाजूला ठेवावा लागतो. काम झाले की तो पुन्हा चालू करायचा.